पोळपाटाभोवतीचे आठ कप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीचं कोडं सोडवणं. नात सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसत होती. कोडं कागदावर उतरवून ती मीरा रोडला क्लासला गेली. उत्तर पुस्तकात, पुस्तक तिच्या पिशवीत.

गोल टेबलाभोवती आठ माणसं. काहींचं तोंड आत, काहींचं बाहेर. कोण कुठे बसलाय, करतो काय, त्याला रंग कुठला आवडतो. मी चौथी शिकलेला, जन्मभर स्टीलच्या कारखान्यात वाट्या दाबल्या. पण एवढं कळतं, की टेबलाला पाठ लावून बसायचं असेल तर टेबल कशाला? सरळ भांडून घरी जावं. आणि हे सोडवणाऱ्याला म्हणे ऑफिसात खुर्ची देणार. तिथे गेलात की खुर्चीत माणूसच सापडत नाही, त्याचा रंग काय विचारता.

बायकोने पोळपाट जमिनीवर ठेवला. ते टेबल. भोवती आठ कप, सहा आमचे, दोन शेजारणीचे. ज्याचा कान बाहेर, त्याचं तोंड बाहेर. टवका उडालेला कप डॉक्टर. तो क्लार्कच्या डाव्या हाताला, आणि क्लार्कचं तोंड बाहेर.

मी क्लार्कच्या कपापाशी पोळपाटाकडे बघत बसलो आणि डॉक्टरचा कप माझ्या डावीकडे ठेवला.

"अहो, तुमचा डावा नको. त्याचा डावा."

"डावा तो डावा. माणसागणिक बदलतो काय?"

"जन्मभर आपलाच हात पुढे," ती म्हणाली. "राहू द्या तसंच. पोरगी आली की कळेल. पोळपाट अडकवलात, आता चपात्या कशावर लाटू?"

जरा पडते म्हणाली. छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आमचा डॉक्टर डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय, उशिराच आला. संध्याकाळीच तिला पोचवून आलो. पोळपाटाला कोणी हात लावला नाही. चूल पेटणार नव्हती.

सकाळी शेजारीण चहाची किटली घेऊन आली. "अंकल, ये कप ले लूँ?"

"रुको," म्हटलं.

क्लार्कच्या कपापाशी जमिनीवर बसलो, पोळपाटाकडे पाठ करून. गुडघे बोंबलले. डावा हात खाली टेकला. ती सांगत होती तिथेच पडला.

कोपऱ्यात बसलेली नात पुस्तक आणायला उठली. "बस," म्हटलं. "आजीचं बरोबर होतं."

टवक्याचा कप उचलून तिने सांगितलेल्या जागी ठेवला. मग शेजारणीला म्हटलं, "अब डालो."