नॉर्मंडीची खोडलेली रेघ

माझ्या सासऱ्यांनी माझ्या मुलीला चुकीचं शिकवून शाळेत पाठवलं होतं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं, आणि मला सगळ्यात आधी तेच आठवतंय.

अण्णा पुण्यातले भूगोलाचे मास्तर. पस्तीस वर्षं फळ्यावर न बघता नकाशे काढलेले. आमच्याकडे ख्राइस्टचर्चला राहायला आले आणि आठवड्याभरात आम्हालाच इथल्या नद्या सांगायला लागले!

२०१७ मध्ये दहा वर्षांच्या इराला प्रोजेक्ट मिळाला. फ्रान्समधला कुठलाही एक प्रांत. तिने नॉर्मंडी निवडली.

मग काय, अण्णांच्या अंगात भूगोल संचारला.

कार्डशीटवर हाताने नकाशा. वळणं घेत समुद्राला मिळणारी सीन नदी, पश्चिमेला समुद्रात घुसलेलं द्वीपकल्प, सफरचंदाच्या बागा.

"उत्तरेकडून होड्यांतून दांडगे लोक यायचे, लुटून जायचे. शेवटी राजा वैतागला. म्हणाला, नदीच्या मुखाची ही जमीन घ्या आणि आता तुम्हीच राखा! उत्तरेची माणसं, म्हणून नॉर्मंडी."

मग मधोमध लाल पेन्सिलीची रेघ. "वरची नॉर्मंडी, खालची नॉर्मंडी. दोन वेगळे प्रांत."

इराने वर्गात ठासून तेच सांगितलं. टीचर हळूच म्हणाल्या, ते दोन्ही गेल्याच वर्षी एक झालेत.

घरी येऊन तिने बॅग आपटली. "एव्हरीवन लाफ्ड, अण्णा! आय'म नेव्हर आस्किंग यू अगेन."

अण्णांचा चेहरा उतरला.

"जाऊ द्या हो, लहान आहे," मी म्हटलं.

"लहान आहे म्हणूनच जाऊ द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत येऊन बसले. टीचरची परवानगी घेतली आणि वर्गासमोर उभे राहिले. मी दारात, जीव मुठीत धरून.

"किया ओरा," अण्णांनी आधी इथला माओरी नमस्कार केला. "द मिस्टेक इज माइन, नॉट इरा'ज. आय डिड नॉट चेक द इयर."

खिशातून खोडरबर काढलं आणि सगळ्यांसमोर ती रेघ खोडली. आपण शाळेत असताना महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा आपल्या मास्तरांनीही भिंतीवरचा नकाशा असाच दुरुस्त केला होता, हेही सांगितलं.

कुणी हसलं नाही.

शिक्षक मी पुष्कळ पाहिले. पोरांसमोर स्वतःची चूक खोडणारा हा एकच. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला आणि ते मी त्यांना कधी बोलले नाही.

संध्याकाळी इरा आपणहून त्यांच्याजवळ जाऊन बसली. "अण्णा, शो मी द नेक्स्ट वन."

"आधी साल बघ," अण्णा म्हणाले.

तो नकाशा अजून तिच्या भिंतीवर आहे. लाल रेघ पुसट दिसते. कोपऱ्यात अण्णांचं अक्षर: "२०१७. पुढे बदलू शकेल. तपासून घेणे."

आज सकाळी इराने त्यांच्या फोटोला हार घातला. मग खोलीत जाऊन त्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं:

"२०१९. चेक्ड. स्टिल वन."

अण्णा, नमस्कार करते.