धाकट्या जावेची पिशवी

डोंबिवलीहून नाशिकला लग्नाला निघालो, तेव्हा कल्याणच्या पुलावर माझी ट्रंक चढवताना दोघा हमालांची दमछाक झाली. धाकट्या जावेच्या हातात मात्र एकच कापडी पिशवी होती. तीत दोन लुगडी, बामच्या रिकाम्या डबीत दंतमंजन, शिकेकाईची पुडी आणि दोऱ्याने कापलेली अर्धी साबणवडी.

"हिच्याकडून शीक जरा," सासूबाई मला म्हणाल्या. ते फार झोंबलं.

पुढच्या वर्षी पुण्याला मुंज होती. मी तिच्याहूनही लहान पिशवी भरली. लुगडं अंगावरचं तेवढंच. दुसरं आहेरात मिळेलच, असा माझा हिशोब. त्या घरी बायकांना नुसते खण मिळाले. त्यात पंगतीत वाढताना आमटी अंगावर सांडली.

"जाऊबाई, माझं नेसा," म्हणत धाकटीने पिशवीतून घडीचं अंजिरी लुगडं काढलं.

दिवसभर ज्या त्या बाईने माझ्या लुगड्याचा रंग वाखाणला, आणि सासूबाई प्रत्येकीला हौसेने सांगत राहिल्या, "आमच्या धाकटीचं आहे हो!"

परतताना डोंबिवली येईपर्यंत मी धाकटीशी चकार शब्द बोलले नाही.