रातच्याचं नाव

उळवीच्या वाटेवर राजेश्वरी वेळीपचं घर आहे. अंगणाला लागून दोन खोल्या. जंगल बघायला येणारी माणसं तिथं उतरतात, ती त्यांना जेवू घालते. पाखरं लिहून ठेवायचा नाद तिला त्यांच्यामुळंच लागला. एकानं जाताना जुना लॅपटॉप तिला देऊन टाकला, पाखरांच्या नोंदींच्या प्रोग्रॅमसकट. रोपं लावताना दिसलेला बगळा असो की वडावरचा धनेश, एकेक अक्षर हुडकत ती लिहायची.

आता लॅपटॉपचा अर्धा पडदा काळा पडलाय. नोंदी मोबाईलमधल्या नव्या प्रोग्रॅमात न्यायला तिचा चुलतदीर निखिल आला. रामनगरला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. जुन्यातून फाईल निघाली, नव्यात चढली. धनेश गेले, कोतवाल गेले. मग एक तांबडी ओळ उमटली. तिच्याखाली आणखी.

"वैनी, ह्यो 'रातचा' कोण?"

राजेश्वरीनं जीभ चावली. चुलीपाशी कंद सोलणाऱ्या सासूकडं, फुलाकडं, तिनं हळूच बघितलं. "त्योच की. नाव घ्यायचं नसतंय त्याचं."

घुबडाचं नाव घेतलं तर ते आपलं नाव शिकतं आणि रातभर हाका मारतं, अशी ह्या घराची समजूत. तोंडानं घ्यायचं नाही ते लिहायचं तरी कसं? जुना प्रोग्रॅम भोळा, लिहाल ते मुकाट गिळायचा. नव्याला पुस्तकातलं नाव पाहिजे. नाही मिळालं की ओळ बाहेर.

"मग टाकून देऊ?"

"टाकतोस व्हय! पोरगी पाळण्यात हुती तवाचं हाय ते. तिला घिऊन जागी असायची मी. तितनंच तर सगळं सुरू झालं."

त्या पहिल्या ओळींपुढं शेऱ्यात एवढंच होतं : हसला.

"घुबड कुठं हसतंय, वैनी?"

"नाव घिऊ नको, मुडद्या!" फुला कडाडली.

निखिलनं मग मोबाईलवर घुबडांच्या एकेका जातीचा आवाज लावला.

"अय्यो, दुपारचा कशाला वरडाय लागलाय?" म्हणत फुलाच पुढं सरकली. "ह्यो व्हाळाकडला, पाण्याकाठचा. लाव, फुडला लाव."

शेऱ्यातली जागा आणि आठवणीतला आवाज जुळवत बऱ्याच ओळींना जात मिळाली. पहिल्या मात्र तांबड्याच.

"ह्यातला एकबी हसत न्हाई, आत्ती," राजेश्वरी रडकुंडीला आली.

फुलानं विळी बाजूला सारली आणि गळ्यातून वरनं खाली घसरत जाणारं खरखरीत हसू काढलं. निखिल आधी हसला, मग थांबला. त्यालाही आता चैन पडेना. घुबडं सोडून रात्रीची दुसरी पाखरं तो लावत गेला.

"ह्योच!" दोघी एकदम ओरडल्या.

"बेडूकतोंड्या," निखिलनं वाचलं. फोटोत वाळक्या पानाच्या रंगाचं पाखरू, तोंड बेडकासारखं रुंद. "काकी, ह्यो त्यातला न्हवंच. येगळी जात."

"म्हंजे ह्याचं नाव घेटलं तर चालतंय?" फुलानं विचारलं.

"चालतंय की."

"आणि इतकी वर्सं तोंड दाबून बसलो आमी!"

पहिल्या ओळी आत गेल्या. राजेश्वरीनं त्या पुन्हा उघडून बघितल्या, सगळ्या होत्या. ज्यांचा आवाज कुणालाच आठवेना, त्या ओळींना तिनं 'घुबड, जात ठाऊक नाही' निवडलं. अंगठ्यानं, तोंड मिटून.

"बेडूकतोंड्या," फुला स्वतःशी म्हणाली. मग दारात जाऊन, चांगलं मोठ्यानं, "बेडूकतोंड्या!" आणि झाडांकडं कान देऊन उभी राहिली.