अपोलोनियाबाईंचे दहा किलोमीटर

“रविवार, २३ सप्टेंबर १९३४. पहाटे धुकं, नऊनंतर ऊन. फादरांचं प्रवचन लांबलं. दहा किलोमीटरची चाचणी दिली. बाराची घंटा वाटेतच झाली.”

मठातल्या शाळेत अकराव्या वर्षी लागलेली वही लिहायची सवय अपोलोनियाबाईंनी कधी मोडली नाही. लग्न, महायुद्ध, नवरा गेला तो दिवस, एकही तारीख कोरी नव्हती. नवरा गावचा शाळामास्तर, म्हणून सत्तावन्नाव्या वर्षीही सगळं गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणे.

मास्तर गेल्यावर संध्याकाळी घरात घड्याळाखेरीज कोणी बोलेना. अशात सरकारच्या शारीरिक शिक्षण खात्याने गावात बायकांचं पथक काढलं. मंगळवारी कवायत, शुक्रवारी नेमबाजी आणि जखमा बांधणं. बाई हजेरी लिहायला म्हणून गेल्या आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या.

पण कवायत व्हायची आगीच्या बंबाच्या पडवीत. गेल्या हिवाळ्यात गारठ्याने पाच पोरी गळाल्या. खात्याने कळवलं, सप्टेंबरअखेर दहा जणींनी सरकारी क्रीडापदक मिळवलं तर शाळेचा हॉल मिळेल, शेगडीसकट. नाहीतर पथक बंद. नऊ जणी झाल्या होत्या. दहाव्या अपोलोनियाबाई. त्यांची नेमबाजी झाली, गोळाफेक झाली, उरलं होतं दोन तासांत दहा किलोमीटर चालणं. चाचणी घेणारा सार्जंट फ्लोरियन कुल्पा दुसऱ्या दिवशी महिनाभर छावणीला जाणार होता, म्हणजे आज नाही तर नाहीच.

चर्चची बाराची घंटा झाली की जिथे असू तिथे थांबून मरियेची प्रार्थना तीनदा म्हणायची, हा बाईंचा नेम. म्हणून त्यांनी मुद्दाम दहाची वेळ मागितली होती, घंटेच्या आत परत यायला. पण फादर सहनशीलतेवर बोलत राहिले आणि चर्चच्या फाटकातून निघायला सव्वादहा झाले.

सव्वा किलोमीटर उरला असताना घंटा झाली. बाई रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबल्या आणि त्यांनी हात जोडले.

सायकलवरून मागे येणारा कुल्पा ओरडला, “मास्तरीणबाई, चला! घड्याळ थांबत नाही!”

“टोपी काढ, फ्लोरियन.”

“अहो, पंधराच मिनिटं राहिलीत!”

“म्हणूनच सांगते. तू बडबडलास की मला पहिल्यापासून म्हणावं लागेल.”

मास्तरांच्या हाताखाली शिकलेला कुल्पा मुकाट्याने टोपी काढून उभा राहिला. मुठीतलं घड्याळ मात्र चालूच होतं. तिन्ही ‘नमो मरिया’ बाईंनी सावकाश म्हटल्या, एक शब्द गाळला नाही. तीन मिनिटं गेली.

सोबतीला आलेली, बाईंना ‘पोले’ म्हणणारी बेकरीवाली हेर्मिना कासावीस झाली. “पोले, आता धाव गं!”

“धावू कशी? आग लागली तरी बाईने भरभर चालावं, धावू नये, मठातल्या सिस्टरांनी शिकवलंय.”

“कुठल्या सिस्टर? सगळ्या मेल्या!”

“म्हणजे वरून बघताहेत.”

“मग स्कर्ट घट्ट धर, गुडघे दिसू देऊ नकोस, पण धाव बाई!”

आणि अपोलोनियाबाई धावल्या. थोडं धावायचं, थोडं चालायचं, पुन्हा धावायचं. पुढे कोणाचीतरी बदकं कलकलत पळत होती. बाईंची टोपी उडाली, ती हेर्मिनाने उचलली. चर्चच्या फाटकाशी पथकाच्या पोरी दोन्ही हात हलवत नाचत होत्या. बाईंनी खांबाला हात लावला आणि तिथेच टेकल्या.

“एक तास, एकोणसाठ मिनिटं, चौतीस सेकंद,” कुल्पा म्हणाला.

“प्रार्थना धरून?”

“धरून. वजा केली असती, पण मास्तरांनी खोटी वजाबाकी शिकवली नाही ना!”

पोरींनी इतका गलका केला की फादर जेवण टाकून बाहेर आले. “काय झालं?”

“हॉल मिळाला, फादर!” हेर्मिना म्हणाली. “आता तुम्ही कितीही लांब बोला, आमची शेगडी जात नाही!”

अपोलोनियाबाई हसत हसत मंगळवारी लाकडं कोणी आणायची ते ठरवू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी पाय कोमट पाण्यात सोडले, वही मांडीवर घेतली आणि शेवटची ओळ लिहिली: “डाव्या मोज्याची टाच विरली होती, ती रफू केली. राखाडी लोकर संपली, तपकिरी घातली.”