मेजरांची चौकशी

मी मेजरांच्या चारित्र्याची चौकशी करणारं पत्र थेट त्यांच्या पलटणीच्या साहेबाला लिहिलं आणि पेटीत टाकलं. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण वर तिकीट चिकटवून केलेला हा एकच.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. आमच्या परंड्याकडं मिलिटरीतनं परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. हे हुद्द्यानं नाईक होते. त्यांची खूण म्हणजे ते कुणाकडं पाठ करत नसत. हॉटेलात बसले तर भिंतीला टेकून, दाराकडं तोंड करून. न्हाव्याकडं गेले तर खुर्ची फिरवून घ्यायचे आणि अख्खी दाढी होईस्तोवर आरशाऐवजी रस्त्याकडं बघायचे. मारुतीच्या देवळातून तर उलट्या पावली बाहेर यायचे. लोकांना ती भक्ती वाटे. मला विचाराल तर त्यांचा मारुतीवरही पुरता भरवसा नव्हता.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरींचे तळ उघडे पडलेले, माणसं खडी फोडायला गेलेली. आमच्या सोसायटीच्या गोदामात लाल मिलो, म्हणजे रेशनची अमेरिकन ज्वारी, यायचा आणि त्या मिलोपायी गावात कुणाचा कुणावर विश्वास राहिला नव्हता. चेअरमन आबांना सेक्रेटरीचा संशय, सेक्रेटरीला आबांचा, हमालांना दोघांचा. मी तिथला कारकून, म्हणून तिघांना माझा. अशा जागी राखणदार हवा तो मेजरांसारखाच. येईल त्याला ते विचारायचे, "कोण? काम काय?" एकदा त्यांनी आबांनाच अडवलं.

"आरं, म्या चेअरमन हाय," आबा म्हणाले.

"त्ये कळलं. काम काय?"

आबांना काम आठवेना. ते परत गेले.

मेजर म्हणायचे, "शक घ्यायचा तर तोंडावर घ्यावा, भाऊसाहेब. पाठीमागं घेतलेला शक म्हंजी चोरीच." आणि तसंच वागायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चार हमालांदेखत माझा डबा उघडायला लावला. आत दोन भाकरी आणि कारळाची चटणी. त्यांनी डबा नीट बंद केला, दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "माफ करा. आता खातर पटली." त्या दिवसापासून दुपारी माझ्यासमोर बसून जेवायचे. त्यांच्याकडं गूळ असेल तर मोठा खडा माझ्या बाजूला सरकवायचे. माणसावर संशय घेऊन झाल्यावर इतक्या मायेनं वागणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

पण आबा ती अडवणूक विसरले नव्हते. त्यांनी मला घरी बोलावलं. "तेरा वर्सं नोकरी केली अन् पेन्शनीला दोन वर्सं ऱ्हायल्यावर कोण घरी येतंय? बायकू न्हाय, लेकरू न्हाय. कायतरी खाऊन आलाय त्यो. काढ शोधून."

मला तेवढंच हवं होतं. लहानपणापासून मला आपण पोलीस खात्यात असायला हवं होतं असं वाटायचं. मेजरांचं पलटणीतून सुटल्याचं पुस्तक सोसायटीच्या फायलीत होतं. त्यात कारण लिहिलं होतं, 'सेवेची गरज नाही.' चोरी नाही, आजार नाही, नुसतीच गरज नाही. दुसरा पुरावा टपालाचा. दर पंधरवड्याला मेजरांना त्यांच्याच पलटणीतून एक पाकीट यायचं. मागं नाव एकाच माणसाचं, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या एका हवालदाराचं. एक पाकीट मी उन्हात धरून पाहिलं. एकच शब्द वाचता आला, 'जपून.' त्या एका शब्दावर मी टोळी उभी केली. मेजरांनी रम नाहीतर काडतुसं विकली असणार, पकडले गेले असणार, आणि अणदूरकर आत राहून अजून विकत असणार.

मग मी पलटणीच्या साहेबाला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात अणदूरकरांचं पूर्ण नाव आणि हुद्दा घातला, आणि शेवटी विचारलं की या दोन इसमांमध्ये नेमका काय संबंध आहे आणि दर पंधरवड्याला पत्र कशासाठी, ते कृपया कळवावे.

सकाळी पत्र पेटीत पडलं. दुपारी टपालाचा रनर थैली घेऊन परंड्याला गेला. आणि जेवताना मेजरांनी गूळ पुढं सरकवला तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, मेजर, मीही तोंडावर सांगतो. तुमच्या पलटणीला पत्र घातलंय.

ते हसले. "घाला की. माझं काय ऱ्हायलंय?"

"आणि तुमच्या अणदूरच्या जोडीदाराचंही विचारलंय. नावानिशी."

मेजर उठले. भाकरी तशीच ठेवून त्यांनी गोदामाला कुलूप लावलं. भर दुपारी जागा सोडून निघालेले मेजर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. भिंतीला टेकवलेली सायकल ओढून म्हणाले, "बसा मागं. टपाल कुर्डुवाडीच्या गाडीत पडायच्या आत पत्र काढायचंय. टाकणाऱ्यालाच परत देत्यात, म्हणून तुमी पायजे. न्हायतर तुमाला घेतलं नसतं."

तीन कोसांचा फुफाट्याचा रस्ता. मेजर सायकल मारत होते आणि मी कॅरिअरवर. त्यांची पाठ इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. मी मागून विचारलं, "अणदूरकरांनीबी माल खाल्लाय का?"

ते पुढं रस्त्याकडं बघतच बोलले. "कुणी काय खाल्लं न्हाय. आठ वर्सं आमी दोघं एक होतो. नवराबायकू असत्यात तसं. कुणीतरी साहेबांकडं बिननावाची चिठ्ठी टाकली. साहेबांनी इचारलं, खरं हाय का? म्हणलं, व्हय. दुसरा कोण? म्हणलं, त्ये सांगणार न्हाय. म्हणून त्यो अजून वर्दीत हाय."

खरं सांगायचं तर हे ऐकून मी कॅरिअरवर जरा मागं सरकलो. मागं जागा नव्हती. पडलो. 'तसल्या' माणसांवर हॉटेलात विनोद होत तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच असायचो, तेच हसू मला असं धुळीत टाकून गेलं.

मेजर थांबले. मागं न बघता म्हणाले, "बसा. येळ न्हाय."

बसलो. पुढं मीच विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"म्हणले, शिपाई म्हणून तुझ्यात खोट न्हाय. दोन लढाया केल्यास. पण ह्ये उघड झाल्यावर जवान काय म्हणतील? म्हणलं, साहेब, जवानांनाच इचारा की. मला उचलून आणणारे त्येच, म्या ज्यांना उचललं त्येबी त्येच." सायकल चढाला लागली होती. धाप लागली तरी ते उतरले नाहीत. "साहेबांनी न्हाय इचारलं."

परंड्याच्या पोस्टात थैलीला लाख लागायची तेवढी बाकी होती. पोस्टमास्तरांनी आम्हां दोघांकडं चष्म्यावरून पाहिलं. सकाळी टाकलेलं पत्र दुपारी परत मागणारा त्यांना चोरच वाटला असावा. त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, तोच पत्ता पुन्हा लिहायला लावून अक्षर ताडून पाहिलं, आणि कारण विचारलं. मी लिहिलं, पत्र लिहिणारा मूर्ख आहे.

"ह्या कारणावर पत्रं परत द्यायला लागलो," पोस्टमास्तर म्हणाले, "तर पोस्ट बंद करावं लागंल." पण दिलं.

बाहेर येऊन मेजरांनी पत्राचे नखाएवढे तुकडे केले. रस्त्यावर एकही टाकला नाही, सगळे खिशात घातले. मग म्हणाले, "कुणाला सांगायचं असंल तर आमी दोघं गेल्यावर सांगा. तवर न्हाय."

आबांनी पुढं आठवडाभर विचारलं, "काय लागलं रे चौकशीचं?" मी सांगायचो, पलटणीकडून काही उत्तर नाही. यात खोटं एक अक्षर नव्हतं. पाऊस पडला, मिलो संपला, आबांना इतर संशय मिळाले.

मेजर मात्र विसरले नाहीत. रोज सकाळी मी गोदामापाशी आलो की ते हळूच विचारत, "बोलला का?" मी म्हणे, "न्हाय." मग आत सोडत. दिवाळीला, लग्नसराईत, माझा बाप वारला त्याच्या तेराव्यालासुद्धा. एकदा मला राग आला. म्हटलं, इतक्या वर्षांत खातर पटली नाही का? ते म्हणाले, "तुमची पटलीय. तुमच्या जिभंची न्हाय." आणि गूळ पुढं केला. असा राखणदार आमच्या मिलोला मिळाला. त्याला घरी पाठवून देशाला काय मिळालं, ते मला अजून कळलेलं नाही.

सात वर्षांनी अणदूरकर सुभेदार होऊन, पुरी पेन्शन घेऊन आले, मेजरांना न्यायला. अणदूरला त्यांनी पिठाची गिरणी घातली होती. बुटका, टकला माणूस, बोलण्यात कानडी हेल. एस.टी. स्टँडवर मेजरांच्या ट्रंकेला दोरी कशी बांधायची यावरून दोघांची चांगली जुंपली होती. पुढं ती गिरणी पुष्कळ वर्षं चालली. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

गाडी यायला अवकाश होता. मेजर तिकिटं काढायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. छाती काढून मी अणदूरकरांना म्हटलं, "सुभेदार, तुमच्यासाठी मी सात वर्षं गप्प बसलोय. बायकोलासुद्धा एक शब्द सांगितलेला नाही."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"सात वर्सं गप बसलाव व्हय?" ते म्हणाले. "त्याच्या अगुदर एक दिस बसला असता, तर भागलं असतं की."