वीसपैकी वीस

"आधी सांग, मग कर."

बाई माझ्याशी बोलल्या त्यातलं हे जवळजवळ पहिलंच वाक्य. शाळेतला माझा पहिला दिवस होता. पहिल्या मजल्याच्या कठड्याशी एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली हातात धरून उभी होती. बाटलीला बुडाजवळ भोक आणि भोकावर बाईंचा अंगठा. मी नवी साडी सावरत ऑफिस शोधत होते.

"विज्ञानाची नवीन टीचर तूच ना? मग सांग. अंगठा काढला की भोकातून पाणी येणार, हे ठीक. पण अंगठा काढून मी बाटलीच खाली सोडली, तर पडता पडता पाणी येईल का?"

"येईल की," मी म्हटलं. मनात म्हटलं, ही काय विचारायची वेळ झाली?

"नक्की? आधी सांग, मग कर. नंतर पलटी नाही मारायची."

"नक्की येईल."

बाईंनी बाटली सोडली. खाली जाईपर्यंत भोकातून एक थेंब आला नाही. सगळं पाणी आलं ते फरशीवर आपटल्यावर, आणि तेही शिपाईमामांच्या पँटीवर. मामांनी वर न बघताच "मोठ्या बाई, सकाळी सकाळी?" एवढंच विचारलं. त्यावरून हा प्रकार नेहमीचा असावा हे मी ओळखलं.

"बाटली पडतेय, पाणीही पडतंय, दोघं एकाच वेगानं. मग पाण्याला बाहेर ढकलणार कोण?" बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चुकलीस ते बेस्ट झालं. आता जन्मात विसरणार नाहीस."

नाही विसरले. बाईंचं काहीच मला विसरता येत नाही, आणि तीच माझी तक्रार आहे.

आमची शाळा अंधेरी पश्चिमेला. मराठी माध्यमाची, त्यामुळे दरवर्षी थोडी थोडी आकसणारी. दहावीच्या तेव्हा दोन तुकड्या उरल्या होत्या. 'अ' बाईंकडे, 'ब' माझ्याकडे. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची आणि मला छोट्या बाई. मी त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, पण ते कोण बघतो?

बाईंना परीक्षा घ्यायला वर्ग लागत नसे. एकदा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पंख्याखाली उभ्या राहून त्यांनी विचारलं, "सर, पंख्यानं खोलीतली हवा थंड होते का हो?" सर सहीच्या नादात "होते ना" म्हणून गेले. बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढला. अख्खी मधली सुट्टी पंखा चालू ठेवला, पारा काही उतरेना. "हवा तेवढीच, सर. घाम सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं." सरांना पुढे आठवडाभर सगळा स्टाफ पंखा लावू की बंद करू असं विचारत होता. बाईंना मात्र कोणाची फजिती करायची नसायची. माणसानं धीर करून एक उत्तर द्यावं, एवढंच त्यांना हवं असायचं.

प्रयोगशाळेत त्यांचा एकच कायदा. उपकरणाला हात लावण्याआधी काय होईल ते पेननं लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही. "चुकणाऱ्याला मी काही करत नाही रे," त्या मुलांना सांगायच्या, "पण आधी गप्प बसून मागून 'मला माहीतच होतं' म्हणणारा माझ्या डोक्यात जातो."

तुमच्याही शाळेत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या तासाला पोटदुखीसुद्धा पुढे ढकलली जाते. आमच्याकडे त्या होत्या.

लिफ्टचा किस्सा सांगितल्याशिवाय भाविका कोण ते कळायचं नाही. भाविका माझ्या 'ब' तुकडीतली, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आई मासळीबाजारात बसायची. गुरुत्वाचा धडा चालू असताना प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याची स्प्रिंग गेली, तर ही दुसऱ्या दिवशी आईचा मासे तोलायचा हुकाचा काटा घेऊन आली. काट्याला असा काही वास होता की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकली. बाई खूश. दोन्ही तुकड्यांतली मूठभर मुलं, मी आणि तो काटा यांना घेऊन त्या थेट शेजारच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरल्या. काट्याला विटेचा तुकडा टांगला.

"वर निघताना काटा जास्त दाखवेल, कमी, की तेवढाच? आधी सांगा."

बहुतेक म्हणाले, तेवढाच. वीट काय खाऊन आलीय का वाढायला, असंही कोणीतरी म्हणालं. भाविका भिंतीला टेकून उभी होती. तिनं डोळे मिटले, गुडघे जरा वाकवले आणि म्हणाली, "निघताना जास्त. मध्ये तेवढाच. थांबताना कमी. पायांना कळतं ना बाई."

तसंच झालं. इतक्यात वॉचमन भय्या ओरडत आला, "मॅडम, ये लिफ्ट मेंबर लोगों के लिए है," आणि बाईंनी त्यालाच आत घेऊन प्रश्न विचारला. परतताना त्या माझ्या कानात म्हणाल्या, "ही पोरगी सायन्सलाच गेली पाहिजे. बघ हं, तुझी जबाबदारी."

त्याच वर्षी, त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, बाईंनी प्रात्यक्षिकाच्या गुणांचा विषय काढला.

दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे वीस गुण शाळेच्या हातात असतात. शाळा ते कसे देतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रसादासारखे. ज्याला येतं त्यालाही वीस, नाही येत त्यालाही वीस, फार तर एकोणीस. मीही तेच करत आले होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"या वर्षी खरे गुण द्यायचे," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच डबा खात होतो. "बस झाली खिरापत. वर्षभर मी घसा फोडते आणि शेवटी सगळे सारखेच. मग मी परीक्षा घेतेच कशाला?"

"बाई, बाकीच्या शाळा देणारच. आपल्याच मुलांची वाट लागेल."

"लागणार नाही. ज्यांना येतं त्यांना आपण पूर्ण देऊच ना. आणि बघ, एकटीनं मी नाही करणार. एकीनं केलं तर एका तुकडीवर अन्याय. करू तर दोघींनी."

मी दोन-तीन दिवस टाळलं. बाईंनी सोडलं नाही. शेवटी मी हो म्हटलं, ते तत्त्व पटलं म्हणून नव्हे. त्या म्हणत होत्या म्हणून.

परीक्षा झाली. भाविकाला भिंगाचं नाभीय अंतर काढायचं होतं. तिनं आधी अंदाज लिहिला, मोजमाप काही त्याच्याशी जुळेना. दुसरी पोरं असती तर आकडा जुळवून मोकळी झाली असती. हिनं खिडकीची प्रतिमा पुन्हा पुन्हा पडद्यावर घेतली, तिचाच अंदाज चुकला होता याची खात्री केली, आणि तसं लिहिलं. यात वेळ गेला, दुसरा प्रयोग अर्धाच राहिला. ठरल्याप्रमाणे मी तिला चौदा दिले. लिहिताना जिवावर आलं, पण शब्द दिला होता.

बाईंच्या तुकडीतल्या ओंकारचा किस्सा तर त्यांनी मला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगितला. एकसर जोडणीतले दोन बल्ब. त्यानं छातीठोक सांगितलं, "पहिला जास्त पेटणार बाई. पहिला बल्ब करंट खातो ना." दोन्ही सारखेच पेटले तर म्हणाला, बल्ब खराब आहेत.

"काय देऊ गं याला? आठ? आठ पण जास्त होतात," बाई डोळे पुसत म्हणाल्या होत्या. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

निकालाच्या दिवशी ओंकारच पेढे घेऊन आला. खूश होता पोरगा, त्यात त्याचा काय दोष? "छोट्या बाई, पेढा घ्या ना! प्रॅक्टिकलला वीसपैकी वीस! आमच्या सगळ्या वर्गाला! मोठ्या बाईंनी आत्ताच सांगितलं खाली."

मी पेढा तसाच हातात धरून प्रयोगशाळेत गेले. बाई आवराआवर करत होत्या. बल्ब जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होत्या.

"बाई, ओंकारला किती दिलेत?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "कळलं वाटतं तुला."

"सगळ्यांना वीस?"

"अगं, गुण भरायला बसले आणि एकेका पोराचं तोंड समोर यायला लागलं. त्यांच्या आया दिसायला लागल्या. शेवटची बॅच माझी. हातच गेला नाही गं."

"मग मला एक फोन करायचा होतात. मीही दिले असते वीस-वीस. माझ्या पोरांना काय आया नाहीत?"

"करणार होते."

"कधी?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मीच तुला तयार केलं होतं."

"सगळ्या शाळेला आधी सांगायला लावलंत तुम्ही. शिपायाला, सरांना, त्या टॉवरच्या वॉचमनला. मला मात्र सांगितलं नाहीत."

एक बल्ब उरला होता, तो न गुंडाळताच त्यांनी खोक्यात ठेवला. पेढा मी टेबलावर ठेवला आणि निघाले. फसवल्यासारखं वाटलं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं वगैरे नाही. मला फसवलं होतं.

मुख्याध्यापकांकडे गेले, तर ते म्हणाले, गुण बोर्डाकडे गेले, आता काही होत नाही. आणि तुमचे गुण, तुमचीच सही. तेही खरंच होतं.

भाविकाचं पार्ल्याचं कॉलेज थोडक्यात हुकलं. सायन्स मिळत होतं ते पार लांब. तिथे जायचं तर सकाळी बाजारात आईला मदत होणार नव्हती, आणि ते त्या घराला परवडणारं नव्हतं. तिनं जवळच्या कॉलेजात कॉमर्स घेतलं. तिची आई शाळेत आली, टोपली दाराबाहेर ठेवून. भांडायला आली असती तर सोपं गेलं असतं.

"बाय, माजे पोरीचा काय चुकला? तेवरा सांगा फक्त. परत नाय चुकनार ती."

मी त्या माउलीला काय सांगणार? काही चुकलं नाही म्हटलं, तर मग गुण कमी का? मी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती गेली.

बाईंचा निरोपसमारंभ मोठा झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, माजी विद्यार्थी आले. मुख्याध्यापकांनी पंख्याचा किस्सा सांगून हशा घेतला. दोन शब्द बोलायला माझं नाव पुकारलं, मी घसा बसलाय म्हणून खूण केली. बाई व्यासपीठावरून माझ्याकडेच बघत होत्या. माझा घसा ठणठणीत आहे हे त्यांना कळलं असणार.

आता त्या दिंडोशीला लेकीकडे असतात. रिक्षानं जाण्याइतकं अंतर. मी गेलेले नाही. त्या मात्र अधूनमधून मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. पाण्यात संत्रं, सालीसकट आणि सोललेलं. उन्हात दोन वाट्या, काळी आणि पांढरी. खाली एवढंच लिहिलेलं, 'आधी सांग.' मी उत्तर देत नाही. पण व्हिडिओ सुरू करायच्या आधी मनातल्या मनात सांगते, आणि मग माझाच राग येतो. इतकं प्रेम असल्याशिवाय का कोणाचा इतका राग येतो?

रविवारी सकाळी मासळी घ्यायला मी भाविकाच्या आईकडेच जाते. सुट्टीची भाविका तिथे असते. मासा हुकाला लावायच्या आधी ती दर वेळी अडून बसते, "बाई, आधी सांगा. किती भरेल?" मी काहीतरी ठोकून देते, चुकते, आणि ती टाळी मागते.

गेल्या रविवारी घरी पाहुणे होते, दोन सुरमया घ्यायच्या होत्या. पहिलीला मी सव्वा किलो म्हटलं, दीड भरली. टाळी झाली. मग दुसरी उचलता उचलता ती म्हणाली, "मोठ्या बाई भेटतात का हो?"

"नाही."

"मी कॉमर्स घेतलं ते बरंच झालं ना बाई. मला उगाच वाटायचं मला फिजिक्स येतं. 'अ'ची पोरं बघा, सगळ्यांना वीसपैकी वीस. आणि मोठ्या बाई काय फुकट देणाऱ्यातल्या नाहीत. म्हणजे त्यांना येतच असणार. मीच शहाणी समजत होते स्वतःला."

ती हे सहज म्हणाली, माशावरचा बर्फ झटकत. या पोरीनं सगळा हिशोब बाईंच्या खरेपणावर मांडला होता आणि त्यात स्वतःला खोडून टाकलं होतं. मी गप्प बसले असते तर बाई तिच्या मनात मोठ्याच राहिल्या असत्या. क्षणभर मला तसंच करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ओंकार आठवतो?" मी म्हटलं. "त्याला दोन बल्ब दिले होते, एकसर. तो म्हणाला, पहिला बल्ब करंट खातो."

"खातो?" भाविका फसकन हसली. "आणि दुसरा काय उपाशी?"

"त्याला वीस दिले."

हसू तिच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. "मोठ्या बाईंनी?"

"मोठ्या बाईंनी. सगळ्यांनाच दिले. तुला येत होतं, भाविका. तुझं काही चुकलं नव्हतं."

"मग का दिले?"

"हात गेला नाही म्हणाल्या."

दुसरी सुरमई तिनं हुकाला अडकवली. मी सवयीनं आकडा मनात धरून उभी होते. तिनं काटा बघितला, वजन सांगितलं आणि मासा कापायला आईपुढे सरकवला. मला तिनं आधी विचारलं नाही.