इंग्लंडात ऐकलेलं दिन्याचं गाणं

सुरुवातीलाच सांगतो, या सदरातले चमत्कारिक अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलो. खाली खवचट कमेंटही टाकल्यात, "जरा कमी जेवत जा" वगैरे. ओतूरला माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. पाणी चढत नसेल तर त्याला कारण असतंच, तसं जगात सगळ्यालाच असतं, असं माझं मत. आता माझ्याखाली काय लिहायचं ते लिहा.

दिन्या माझा चुलतभाऊ. कॉलेजात सरांनी फुटबॉलचं वेड लावलं आणि आम्ही दोघं एकाच इंग्लिश क्लबचे भक्त झालो. टीव्हीवर मॅच बघताना तो म्हणायचा, "एकदा तिकडं जाऊन बघायची राव. दुसऱ्याच्या मैदानात, पावणं म्हणून." आमच्या टीमचा तो गोलकीपर.

तालुक्याच्या फायनलला अगदी शेवटी एक साधा सरपटत आलेला बॉल त्याच्या पायांमधून आत गेला. त्याआधी मी तीन सोपे गोल घालवले होते... त्यावर कोणी बोलू नये म्हणून मी मैदानातच गाणं रचलं. दोन टाळ्या सावकाश, तीन झटपट, आणि मग —

"दिन्या, दिन्या, घरी जा,
आईच्या पदरात लपून ऱ्हा!"

पोरांनी ते उचललं. बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच. दिन्या आधी हसायचा, नंतर वाट बदलून जायला लागला. मला कीव यायची नाही, मजा यायची. खरं तेच लिहितोय. त्याच्या आईसमोर, म्हणजे माझ्या चुलतीसमोर, मात्र ते कोणी म्हणत नसे. तिला आम्ही नानी म्हणतो. तेवढी लाज होती.

पुढे घोडेगावकडे त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. नानी आत बायकांत होती. मुलगी समोर येऊन बसली आणि मागच्या गर्दीतून मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. दोन सावकाश, तीन झटपट. आमच्याबरोबरची पोरं फिसकन हसली. दिन्याचे हात थरथरायला लागले, चहा शर्टावर सांडला. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाला काहीतरी आजार आहे. नकार आला.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या एसटीत चढताना कुणीतरी त्याला पाहिलं. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही, या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, ओझरच्या गणपतीला नवस झाला... काही उपयोग नाही. शेवटी नानीनं त्याचे कपडेसुद्धा वाटून टाकले होते.

गेल्या हिवाळ्यात मी मेहुण्याकडे इंग्लंडला गेलो. त्यानं एका मित्राकडून एकच तिकीट मिळवलं — आमच्या क्लबची परगावची मॅच, पाहुण्यांच्या कोपऱ्यात. दुपारची वेळ, ऊन असूनही दात वाजत होते. शेजारी आमच्याच क्लबचा मफलर घातलेला एक म्हातारा. पाहुण्यांना चिडवायचं हा तिथला रिवाजच आहे. मध्ये पिवळ्या जाकिटातले रखवालदार आणि पलीकडून त्यांची हजारो माणसं बोटं दाखवून गाणी म्हणतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

सेकंड हाफमध्ये आमच्या गोलकीपरच्या पायांमधून बॉल गेला. मी मोबाइलवर शूटिंग घेत होतो. आधी हशा उठला. मग टाळ्या... दोन सावकाश, तीन झटपट. आणि समोरचं अख्खं स्टँड एका सुरात म्हणायला लागलं —

"दिन्या, दिन्या, घरी जा..."

भास म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण शेजारच्या म्हाताऱ्यानं मला कोपरानं ढोसलं आणि इंग्रजीत विचारलं, "चाळीस वर्षं टीमच्या मागे फिरतोय, हे गाणं कधी ऐकलं नाही. कुठली भाषा ही?" मी समोरच्या स्टँडकडे बघितलं. त्यांची बोटं गोलकीपरकडे नव्हती. सगळीच्या सगळी माझ्याकडे होती. चार वेळा म्हटलं आणि कॉक बंद करावा तसं थांबलं.

परत आल्यावर व्हिडिओ बायकोला दाखवला, मित्रांना दाखवला. त्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो. मला मात्र शब्दन् शब्द.

एका संध्याकाळी शेजारच्या घरातून नानी आली. "काय पाह्यलंस रं तिकडं? मला बी दाव." माझ्या मुलीनं मोबाइल तिच्यापुढे धरला. मी ओढून घेईपर्यंत उशीर झाला होता. नानी ताठ बसली.

"दिन्याचं नाव घेत्यात ही मानसं."

"न्हाई नानी, इंग्रजी हाय ते."

"मला यडी समजतो व्हय? घरी जा म्हनत्यात. आईच्या पदरात ऱ्हा म्हनत्यात." ती रडत होती आणि हसतही होती. "वळख न्हाई, पाळख न्हाई, येवढी मानसं माझ्या लेकराला समजावत्यात... म्हंजी त्यो तितंच हाय. आता येईल."

तेव्हापासून ती रोज येते. "लाव रं," म्हणते. ऐकून झालं की हात जोडते. "ज्यानं हे गानं रचलं, त्याची लेकरंबाळं सुखात ऱ्हाऊ दे."

आता ती दोन ताटं वाढते आणि दार उघडं ठेवते. दारासमोरच ऊस आहे. गेल्याच महिन्यात बिबट्यानं तिच्या उंबऱ्यावरून कुत्रं उचललं. मी म्हटलं, "नानी, कडी लावत जा." तर म्हणाली, "त्यो आला आन दार लावलेलं दिसलं, तर माघारी जाईल. लई लाजरा हाय माझा."

त्या स्टँडला हे गाणं कोणी शिकवलं, व्हिडिओतलं गाणं मला आणि नानीलाच का ऐकू येतं, दिन्या जिवंत आहे की नाही... मला काहीही माहीत नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा, मी खवचटपणा करणार नाही.

माझ्या मुलीलाही त्या व्हिडिओत काही ऐकू येत नाही. पण नानीनं तिला गाणं शिकवलंय. दिवेलागणीला दोघी त्या उघड्या दारात, उसाकडे तोंड करून बसतात, टाळ्या वाजवतात आणि दिन्याला घरी बोलावतात. बिबट्याची भीती घालून मुलीला दोनदा ओढून आणलं, ती पुन्हा पळाली. नानीला एकटं वाटतं म्हणते. हे थांबवायचं तर ते गाणं कोणी रचलं आणि कशासाठी, हे नानीला सांगावं लागेल.

अजून सांगितलेलं नाही. हे लिहितोय तेव्हा सात वाजायला आलेत, आणि शेजारून टाळ्या ऐकू येतायत.